कारकुनाच्या मेजावर मराठी उपरी का?

न्यायालय म्हटले की आपल्या नजरेसमोर न्यायाधीश येतात, काळ्या कोटातले वकील येतात, साक्षीदाराचा पिंजरा येतो. परंतु खेड्यातून तारखेला आलेल्या माणसाची पहिली गाठ यांपैकी कुणाशीच पडत नाही. ती पडते कारकुनाशी. अर्ज पुरा आहे की अपुरा, कोर्ट फी स्टँप बरोबर लागला आहे की नाही, सोबतचा कागद वाचता येतो की नाही, समन्सवरचा पत्ता नीट उतरला की नाही, नक्कल कधी मिळणार आणि पुढची तारीख कोणती, हे सारे त्याच्या मेजावर ठरते. न्यायाधीश निकाल देतात हे खरे. पण त्यांच्यासमोर कोणता कागद कोणत्या रूपात जाईल, हे बऱ्याच अंशी कारकुनाच्या हाती असते. म्हणूनच सीमाभागातील मराठी माणसाने भाषेचा प्रश्न मांडताना विधानसभा आणि शाळा यांच्या जोडीला या लाकडी मेजाकडेही पाहिले पाहिजे. दुर्दैवाने तिकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही.

खेतिया, पानसेमल, सेंधवा या भागातले वाचक हे अनुभवाने जाणतात. हा प्रदेश मध्यप्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यात. सोयरीक मात्र शहादा, शिरपूर, तळोदा या बाजूची. शेत एका राज्यात, भाऊबंद दुसऱ्या राज्यात, बाजार तिसऱ्याच गावी. तालुक्याच्या न्यायालयातला वाद वाढत वाढत उच्च न्यायालयात गेला, तर तो जातो इंदूरच्या खंडपीठाकडे. बऱ्हाणपूर, मुलताई, सौंसर, पांढुर्णा इकडचा वाद जातो जबलपूरला. वाट कोणतीही असो, घरातली पेटी उघडून काढलेला मराठी कागद अखेर हिंदीत काम करणाऱ्या कचेरीच्या मेजावर पडतो. त्या मेजामागे कोण बसला आहे, त्याला मराठी कळते की नाही आणि कळत असेल तर ते नियमाने की योगायोगाने, असा हा प्रश्न आहे.

इंदूरचे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण मराठीला आपले वाटावे असे महाराष्ट्राबाहेरचे याहून मोठे शहर क्वचितच सापडेल. मल्हारराव होळकर मूळचे होळ गावचे, अहिल्याबाई चौंडीच्या. महेश्वरच्या दरबाराची लिखापढी मराठीत आणि मोडी लिपीत होई. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली आणि तात्या जोगांसारख्या कारभाऱ्याने राज्याची विस्कटलेली घडी बसवली. फडणीस, चिटणीस, कारकून, शिरस्तेदार, नाझर या पदांभोवती मराठी घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे १९१७, १९३५ आणि २००१ साली असे तीन वेळा भरले. याच गावात १९१८ आणि १९३५ साली हिंदी साहित्य संमेलन भरले आणि दोन्ही वेळा त्याचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषवले. म्हणजे १९३५ या एकाच वर्षी इंदूरने दोन्ही भाषांच्या संमेलनांचे यजमानपद सांभाळले. पुढे सुमित्रा महाजन येथून १९८९ ते २०१४ या काळात आठ वेळा लोकसभेवर निवडून गेल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. मराठी घरातल्या व्यक्तीला या शहराने देशाच्या सर्वोच्च सभागृहाच्या आसनापर्यंत पोहोचवले.

एवढे सगळे असूनही इंदुरातल्या न्यायालयीन कचेरीत मराठी कागद वाचणारा माणूस असलाच पाहिजे, असा नियम मात्र नाही. असे म्हटले की कुणीतरी लगेच म्हणते, अहो, तिथे कितीतरी कारकून मराठी आडनावाचे आहेत! असतील, आणि असावेतही. परंतु आडनाव म्हणजे भाषा नव्हे आणि योगायोग म्हणजे व्यवस्था नव्हे. आज मेजावर मराठी घरातला माणूस आहे म्हणून काम भागले. उद्या त्याची बदली झाली, परवा तो निवृत्त झाला, की पक्षकार पुन्हा उघड्यावर. शिवाय इंदुरात तीन-चार पिढ्या राहिलेल्या घरांतील मुलांचे शिक्षण हिंदी वा इंग्रजीतून झालेले असते. ती घरी आजीशी मराठी बोलतात. पण जुने खरेदीखत किंवा फेरफाराचा उतारा वाचणे ही निराळी विद्या आहे. ती आडनावासोबत वारशाने येत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. होळकरशाहीत मराठी ही राज्यकर्त्यांची आणि कारभाऱ्यांची भाषा होती. गावोगावचा शेतकरी मालवी, निमाडी, भिली बोलत होता. तेव्हाच्या मोडी कागदापुढे तोही गोंधळून उभा राहत असणार. म्हणून जुन्या वैभवाचा दाखला देऊन न्यायालयात मराठी पुन्हा बसवा, असे मागणे आम्हांस योग्य वाटत नाही. दरबार गेला, त्याची भाषा गेली; त्यात रडण्याजोगे काही नाही. आमचा आधार वेगळा आहे. ज्याचे घर, शेत किंवा स्वातंत्र्य पणाला लागले आहे, त्याचे म्हणणे आणि त्याचा कागद न्यायालयाला जसाच्या तसा कळला पाहिजे, एवढाच तो आधार. तो मराठी माणसाला लागू आहे, तितकाच बारेला आणि कोरकू माणसालाही.

सीमेचा इतिहासही थोडा आठवावा. १९५६ पूर्वी छिंदवाडा, बैतूल, बऱ्हाणपूर हा मुलूख ज्या जुन्या मध्यप्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्या राज्यात १९५० च्या राजभाषा कायद्याने हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांना स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्यभारत, विंध्यप्रदेश आणि भोपाळ नव्या मध्यप्रदेशात आले आणि १९५७ च्या कायद्याने हिंदी ही राजभाषा झाली. गावे होती तिथेच राहिली, माणसे तीच राहिली, त्यांच्या पेटीतले कागदही तेच राहिले. कचेरीची भाषा तेवढी बदलली. सौंसर आणि पांढुर्णा मिळून २०२३ मध्ये नवा पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा नवा झाला की नवी कार्यालये येतात, नवी पदे येतात. त्या पदांवर माणसे नेमताना तिथल्या बोलीचा विचार झाला पाहिजे, ही मागणी करण्याची वेळ हीच आहे.

बेळगावकडच्या बांधवांचा प्रश्न आपल्याला ठाऊक आहे. तिथे कागदाची लिपीच निराळी. मराठी कागद समोर आला की कानडी कारकुनाला निदान एवढे तरी समजते, की आपल्याला हे वाचता येत नाही. मध्यप्रदेशाच्या सीमेवर गोष्ट उलटी आहे. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत. त्यामुळे कारकुनाला वाटते की आपण हे वाचू शकतो, पक्षकारालाही वाटते की यांना कळले. लिपी एक असणे ही सोय आहे खरी. परंतु न्यायालयात हीच सोय फसवी ठरते. तिथे भांडण दिसते, इथे चूक दिसतच नाही.

काही शब्द पाहा. मराठीत ‘तक्रार केली’ म्हणजे गाऱ्हाणे मांडले. हिंदीत ‘तकरार’ म्हणजे भांडण. पोलिसांत तक्रार केली असे सांगणारी बाई कागदावर पोलिसांशी भांडलेली दिसू शकते. मराठीत ‘शिक्षा झाली’ म्हणजे दंड वा तुरुंग भोगला; हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. ‘राजीनामा’ मराठी माणूस नोकरी सोडताना देतो; मध्यप्रदेशाच्या न्यायालयात ‘राजीनामा’ म्हणजे दोन पक्षांतली तडजोड. ‘राजीनामा करायचा आहे का?’ या प्रश्नाला एखाद्या कोतवालाने घाबरून ‘नाही, नाही’ म्हटले, तर त्याने समेट नाकारला अशी नोंद व्हायची! ‘चेष्टा’ म्हणजे आपल्याकडे थट्टा. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. आणि ‘खून’ या शब्दाने तर घातच व्हावा. मराठीत ‘खून पाहिला’ असे म्हणणारा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असतो. तेच वाक्य हिंदीत ‘खून देखा’ असे उतरले, तर वाचणाऱ्याला वाटावे, याने नुसते रक्त पाहिले.

जमिनीच्या कागदांत हा घोळ अधिकच. महाराष्ट्राचा सातबारा मध्यप्रदेशात खसरा आणि बी-वन या नावांनी भेटतो. दोन्हीकडचे महसूल कायदेही वेगळे. मध्यप्रदेशाचा १९५९ चा, महाराष्ट्राचा १९६६ चा. आपल्याकडे ‘फेरफार’ म्हणजे हक्कातल्या बदलाची रीतसर नोंद, जिला तिकडे ‘नामांतरण’ म्हणतात. हिंदीत ‘फेरफार’ म्हटले की कागदात केलेली लबाडी मनात येते. ‘कूळ’ म्हणजे जमीन कसणारा. हिंदी वाचकाला ते ‘कुल’, म्हणजे एकूण, असे वाटू शकते. ‘पोटखराब’ या शब्दाचे काय होत असेल ते वाचकांनीच कल्पावे. लागवडीस अयोग्य जमीन राहिली बाजूला आणि शेतकऱ्याच्या प्रकृतीची चौकशी व्हायची! यावर हसू येते, पण ज्याचा दोन एकरांचा दावा त्या एका शब्दावर अडला आहे, त्याला हसू येत नाही. ‘वहिवाट’, ‘बोजा’, ‘इतर हक्क’ या शब्दांना कायद्यात वजन आहे आणि ते वजन अंदाजाने तोलता येत नाही.

कोणी म्हणेल, यासाठी कायद्यात तरतूद आहे. आहे ना! दिवाणी प्रक्रिया संहितेतील १८ व्या आदेशाच्या ६ व्या नियमात स्पष्ट म्हटले आहे, की साक्ष ज्या भाषेत दिली त्याहून निराळ्या भाषेत ती लिहून घेतली आणि साक्षीदाराला ती लिहिलेली भाषा कळत नसेल, तर लिहिलेली साक्ष त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितली पाहिजे. फौजदारी बाजूलाही असेच आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. परंतु न्यायालयाची भाषा राज्य सरकारने ठरवावी, साक्षीदाराला त्याची साक्ष समजावून सांगावी, आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील पुरावा भर न्यायालयात त्याच्या भाषेत सांगावा आणि दुभाष्याने खरेच भाषांतर करण्यास बांधील असावे, ही तत्त्वे नव्या संहितेतही कायम आहेत. कायद्याचे घर पक्के आहे. प्रश्न एवढाच की ते समजावून सांगायचे कोणी?

व्यवहारात काय होते, हे तालुक्याच्या न्यायालयात दिवसभर बसलेल्या कुणालाही विचारावे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ऐकून मजकूर सांगतात, लघुलेखक किंवा साक्ष उतरवणारा कर्मचारी तो टंकित करतो. साक्षीदार अडखळला, की मदतीला धावतो तो जवळ असलेला कोणीही: एखादा वकील, एखादा शिपाई, नाहीतर दुसऱ्याच खटल्यासाठी आलेला गाववाला. त्याने शपथ घेतलेली नसते, त्याची परीक्षा कुणी घेतलेली नसते आणि क्वचित तो समोरच्या पक्षाचा पाहुणाही असतो. त्याच्या सद्भावनेविषयी शंका नाही. परंतु माणसाचे स्वातंत्र्य किंवा वडिलोपार्जित शेत सद्भावनेच्या भाषांतरावर सोडावे का?

म्हणून नेमणुकीचा मुद्दा कळीचा आहे. ही नेमणूक कोण करतो हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते आणि त्यामुळे मागणी भलत्याच दारी जाते. उच्च न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांची नेमणूक राज्यघटनेच्या २२९ व्या कलमाप्रमाणे मुख्य न्यायमूर्ती किंवा त्यांनी नेमून दिलेले अधिकारी करतात. जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांवर २३५ व्या कलमाने उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. त्यांच्या आस्थापनेवरील लिपिक, लघुलेखक, आदेशिका बजावणारे यांची भरती या चौकटीतल्या नियमांनीच होते. आमदार किंवा जिल्हाधिकारी यांना तिथे थेट हात घालता येत नाही, आणि घालता येऊ नये हेही बरेच. न्यायालयाचे स्वातंत्र्य कारकुनाच्या नेमणुकीपासूनच सुरू होते. तेव्हा निवेदन द्यायचे ते प्रधान जिल्हा न्यायाधीशांमार्फत उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांकडे, हे ध्यानात ठेवावे.

मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी लघुलेखक आणि सहायक ग्रेड-तीन यांच्या १,२५५ जागांची जाहिरात काढली होती. अशा भरतीत पदवी मागतात, संगणकावरील हिंदी आणि इंग्रजी टंकलेखनाची परीक्षा मागतात. पलीकडे महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयाच्या कनिष्ठ लिपिकाकडून मिनिटाला इंग्रजी ४० आणि मराठी ३० शब्दांचा वेग मागतात. दोन्हीकडची अट आपापल्या राजभाषेपुरती. सीमेवरच्या तालुक्यात, जिथे रोज दुसऱ्या भाषेचा कागद येतो, तिथल्या जागेसाठी काही निराळी पात्रता असावी, हा विचार दोन्ही जाहिरातींत येत नाही. बोटे किती वेगाने चालतात हे पाहिले जाते. कानाला काय कळते हे कुणी पाहत नाही.

ही मागणी नवी किंवा अशक्य आहे असे समजण्याचे कारण नाही. १९०० साली वायव्य प्रांत आणि अवधचे लेफ्टनंट गव्हर्नर अँटनी मॅक्डॉनेल यांनी कचेऱ्यांत नागरी लिपीतील अर्ज स्वीकारण्याचा हुकूम काढला. त्यासाठी पंडित मदनमोहन मालवीय यांनी मोठे परिश्रम केले होते. त्या हुकमातला खरा शहाणपणाचा भाग पुढेच होता. केवळ इंग्रजीत चालणाऱ्या कचेऱ्या सोडल्या तर यापुढे नागरी आणि फारसी अशा दोन्ही लिप्या अस्खलित वाचता-लिहिता आल्याशिवाय कुणालाही कारकुनीत नेमायचे नाही, असे ठरवले गेले. भाषेचा हक्क कागदावर देऊन भागत नाही, तो वाचणारा माणूस मेजामागे बसवावा लागतो, हे त्या परक्या सरकारला कळले होते. आज ज्या हिंदीला त्या हुकमाने न्यायालयाचे दार उघडून दिले, तिच्या राज्यात शेजारच्या भाषेसाठी तेवढीच फट ठेवा असे म्हणणे गैर नव्हे.

गोव्याचेही उदाहरण आहे. १९८७ च्या कायद्याने कोकणी ही तेथील राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. तेथील सरकारी पदांच्या जाहिरातींत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे ज्ञान इष्ट, असे लिहिलेले आढळते. ‘इष्ट’ हा एक शब्द. त्याने कुणाची नोकरी जात नाही, कुणावर सक्ती होत नाही. दोन उमेदवार बरोबरीचे असतील तर दोन्ही भाषा जाणणारा पुढे जातो, एवढेच. बडवानी, बऱ्हाणपूर, बैतूल, पांढुर्णा, बालाघाट या जिल्ह्यांच्या जाहिरातींत हा एक शब्द आला तरी पाच-दहा वर्षांत बराच फरक पडेल.

खुद्द राज्यपुनर्रचनेच्या वेळी केंद्र सरकारने १९५६ मध्ये जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यातही ही दृष्टी होती. एखाद्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेच्या हद्दीत १५ ते २० टक्के लोक अल्पसंख्य भाषेचे असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघाव्यात, असे त्यात म्हटले होते. नोकरभरतीत राजभाषेचे ज्ञान आधीच मागू नये, निवड झाल्यावर परिवीक्षेचा काळ संपण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी, हेही त्याच धोरणात होते आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेने त्याला दुजोरा दिला. घटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारीही आला. हे सारे आपल्या बाजूने आहे. आपण मात्र ते कपाटात ठेवून दिले आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की इंदूरचा मराठी माणूस उत्तम हिंदी बोलतो, त्याला दुभाषी कशाला? बरोबर आहे. राजवाड्याजवळच्या दुकानदाराला तो नको असेल. पण न्यायालय इंदूरच्या दुकानदारापुरते नाही. खेतियाजवळच्या पाड्यावरून आलेल्या, घरात अहिराणी बोलणाऱ्या साठ वर्षांच्या बाईलाही तेच न्यायालय आहे. बाजारात भाव करण्यापुरती हिंदी सर्वांना येते. उलटतपासणी झेलण्यापुरती येत नाही. वकिलाने तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला की बाजारातली हिंदी आटते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आम्ही नवे खाते मागत नाही. आहे त्याच जागांपैकी सीमेवरच्या प्रत्येक तालुका न्यायालयात निदान एक आणि इंदूर खंडपीठाच्या नक्कल व अनुवादाच्या कामासाठी निदान एक जागा मराठीची परीक्षा दिलेल्या कर्मचाऱ्याची असावी. भरतीची वाट पाहायची नसेल तर सध्याच्याच कर्मचाऱ्यांची ऐच्छिक परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण होणाऱ्यास लहानसा भत्ता द्यावा. दुभाष्यांची तालुकावार यादी करून त्यांना शपथ द्यावी. मोडी वाचणाऱ्यांचे एक वेगळे टिपण ठेवावे. कारण इनाम, वतन आणि वाड्यांचे जुने वाद अजून संपलेले नाहीत आणि मोडी जाणणारे हात वर्षागणिक कमी होत आहेत.

तिसरा आक्षेप हल्ली नव्याने ऐकू येतो: आता यंत्र भाषांतर करते! सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘सुवास’ ही अनुवादाची संगणक-प्रणाली सुरू केली, २०२३ मध्ये ई-न्यायालय योजनेच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. निकाल लोकांच्या भाषेत येऊ लागले ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु छापील निकालाचे भाषांतर वेगळे आणि पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या, घशाला कोरड पडलेल्या म्हाताऱ्याचे अर्धे वाक्य वेगळे. घडी पडून फाटलेला, शाई उडालेला १९४० सालचा कागद यंत्राला दाखवायचा तरी तो आधी कुणीतरी वाचून दिला पाहिजे. आणि ‘खून’ म्हणजे रक्त की हत्या, हे चुकले असे यंत्राला सांगणारा माणूस शेवटी त्या मेजामागेच हवा.

आपल्या बाजूचेही थोडे बोलू. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिसूचनेने दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी झाली. त्याचा आपल्याला अभिमान आहे. मग रावेर, शिरपूर किंवा शहाद्याच्या न्यायालयात येणाऱ्या हिंदीभाषकाला, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या आदिवासीला आपण काय वागणूक देतो? जे इंदुरात मागायचे ते इकडे द्यायला नको काय? सातपुड्याच्या दोन्ही उतारांवरचा आदिवासी तर हिंदी न्यायालयातही परका आणि मराठी न्यायालयातही परका. आपली मागणी न्यायाची असेल, तर तिच्यात त्याचे नाव आपल्या आधी असले पाहिजे. नाहीतर ती नुसती भाषिक हमरीतुमरी ठरेल आणि तशीच बाजूला टाकली जाईल.

आणखी एक. सीमेवरच्या मुलामुलींना दोन्ही भाषा अंगणात खेळता खेळता येतात. हे भांडवल पुण्या-मुंबईच्या मुलाकडे नाही आणि भोपाळच्या मुलाकडेही नाही. पण न्यायालयाच्या भरतीची जाहिरात निघते, मुदत संपते आणि गावात पत्ता नसतो. ग्रंथालयांनी, शाळांच्या माजी शिक्षकांनी, मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस यासाठी ठेवावा. टंकलेखनाचा सराव, संगणक परीक्षेची माहिती, न्यायालयीन हिंदी आणि न्यायालयीन मराठी यांचा शब्दसंग्रह, एवढे शिकवायला फार मोठी संस्था लागत नाही. आमच्यावर अन्याय होतो असे म्हणत बसण्यापेक्षा आपल्या गावातला एक मुलगा किंवा मुलगी त्या मेजामागे बसली, तर अन्यायाची निम्मी कारणे संपतील.

तोवर पक्षकारांनी एवढे तरी करावे. साक्ष संपल्यावर ती आपल्याला आपल्या भाषेत समजावून द्यावी, अशी विनंती वकिलामार्फत नम्रपणे पण ठामपणे करावी. तो उपकार नाही, कायद्याचा हुकूम आहे. समजल्याशिवाय अंगठा वा सही करू नये. मराठी कागद दाखल करताना त्याचे हिंदी भाषांतर जाणत्या माणसाकडून करून घ्यावे आणि फेरफार, कूळ, वहिवाट, बोजा अशा शब्दांपुढे त्यांचा अर्थ उघड लिहावा. ग्रामसभांनी ठराव करावेत आणि ते जिल्हा न्यायाधीशांकडे पाठवावेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, भाषणे झाली. दर्जा मोठा आहे यात शंका नाही. परंतु भाषेची किंमत ताम्रपटाइतकीच तारखेलाही ठरते. सेंधव्याच्या कचेरीत एखादी म्हातारी पिशवीतून मराठी कागद काढते, कारकून तो हातात घेतो, नीट वाचतो आणि म्हणतो, ‘बसा आजी, हा फेरफाराचा उतारा आहे, याच्यासोबत सातबाराही लागेल.’ एवढे घडले तर त्या दर्जाचा अर्थ तिला कुणी वेगळा सांगावा लागणार नाही.